भाऊंचं ऊर्जाधोरण

भाऊ आमदार आहेत. कुठले, ते विचारू नका. बीड जिल्ह्यात मतदारसंघ सहा, आणि भाऊ सहाही ठिकाणी थोडे थोडे सापडतात.

सकाळी बैठकीत चहा फिरला की भाऊ विजेवर येतात. "सरकारनं धंद्यात पडूच नये! १९९९ला हा नियामक आयोग आणला अन् तिथंच घोडं पेंड खायला लागलं. मुंबईत बसून आमच्या मोटरीचा दर ठरवतेत!" लगेच दुसरा घोट, दुसरं मत: पाटोदा-आष्टीकडच्या पवनचक्क्यांवर सरकारनं कडक कायदा करावा. "वारा आमचा, डोंगर आमचा, अन् वीज भलतीकडं?" तिसऱ्या घोटाला, साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना २०२४पासून वीज फुकट झाली ती भाऊंमुळंच, आता दहापर्यंत करायची.

कोपऱ्यात एक रिटायर इंजिनिअर बसतात. ते हळूच म्हणाले, "भाऊ, २००३च्या वीज कायद्यात कलम ६५ आहे. सवलत द्यायची तर सरकारला आधी पैसे भरावे लागतात."

"आधी?" भाऊंना खरंच हसू फुटलं. "सरकारनं कुणाला कधी आधी पैसे दिलेत?"

या विषयातलं भाऊंचं एवढं एकच वाक्य मला शंभर टक्के पटलेलं आहे.

परळीच्या औष्णिक वीजकेंद्राचा विषय निघाला की भाऊंची छाती फुगते. १९७१पासून उजेड महाराष्ट्राला अन् राख आम्हाला! २०१५च्या दुष्काळात ते केंद्र पाण्यावाचून बंद पडलं होतं. पाऊस पाडणं आयोगाच्या कामात बसत नाही, तरी भाऊंनी तेव्हाही आयोगालाच धरलं होतं.

तेवढ्यात पायरीवरचा म्हातारा उठला. धोतराच्या सोग्यातून जळकी फ्यूजची तार काढून त्यानं टीपॉयवर ठेवली. "भाऊ, डीपी गेला. ज्वारी पोटऱ्यात हाय. पंधरा दिस झाले."

भाऊंचा आवाजच बदलला. "वड्याकडचा का? त्रेसष्टचाय तो. मोटरी किती?"

"अकरा."

"कागदावर अकरा. खाली?"

म्हातारा जमिनीकडं बघत म्हणाला, "बावीस."

"त्यातले आकडे कुणाचे, सांगू?" भाऊंनी सात नावं घडाघडा सांगितली. आठव्याला थांबले, तो त्यांचा बूथप्रमुख होता. मग वायरमनला फोन, गोडाऊनला फोन, डीपी आणायला ट्रॅक्टर कुणाचा, डिझेलची वर्गणी कुणाकडं, सगळं चार मिनिटांत. आयोगाला हे जमलं नसतं, हेही खरंच.

शेवटी लेटरपॅड निघालं. पीएकडं मजकूर तयारच असतो, फक्त गावाचं नाव बदलायचं. 'विषय: जळालेला डीपी तात्काळ बदलून मिळणेबाबत.' भाऊंनी सही ठोकली, आणि पेन तसंच धरून म्हणाले, "ते आयोगाचं पण आजच घालवून टाक."

पीएनं मान डोलावली आणि त्याच मजकुरात टाइप केलं: 'विषय: नियामक आयोग तात्काळ बदलून मिळणेबाबत.'