पावडरवाले आप्पा

पावडरवाले आप्पा हा वारणाकाठचा एक ठळक मनुष्यप्रकार आहे. पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीत तो गल्लीगणिक एक तरी आढळतो. वय पंचावन्नच्या पुढे, अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल, नावावर थोडा ऊस आणि परड्यातल्या फळीवर अक्षरे पुसून गेलेल्या पाच-सहा पुड्या, ही त्याची ओळखीची लक्षणे. मोरीत झुरळ दिसले, देव्हाऱ्यात मुंगी निघाली किंवा कुत्र्याच्या कानात गोचीड सापडली, की घर आप्पांचे नाव घेते. बोलावण्याची वाट आप्पा सहसा पाहत नाहीत.

आप्पांचे शिक्षण दोन ठिकाणी झालेले असते. पहिले हिवतापवाल्यांच्या मागे फिरून. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्यूलर यांना 1948 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि 1953 मध्ये भारतात हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे वर्षानुवर्षे खात्याची माणसे पंप घेऊन येत, घराच्या आतल्या भिंती फवारत आणि बाहेर तारीख लिहून जात. डास कमी झाले. ढेकूण मात्र त्या औषधाला सरावले. आप्पांनी यातून एवढेच उचलले, की भिंत पांढरी झाली म्हणजे काम झाले. दुसरे शिक्षण उसाच्या सरीत झाले. हुमणी लागली की दाणेदार औषध एकराच्या हिशेबाने टाकायचे, हे हाताला बसले. तोच हिशेब ते दहा बाय बाराच्या स्वयंपाकघरात लावतात.

आप्पांची फळी म्हणजे बंदी आलेल्या औषधांचे संग्रहालय असते. गॅमेक्सिन म्हणून घराघरात ओळखली जाणारी बीएचसी पावडर 1997 पासून देशात बंद आहे. मिथाइल पॅराथिऑनवर 2018 मध्ये बंदी आली आणि 2020 सरल्यावर फोरेटही गेले. बंदी आली की माल संपतो, असा सरकारचा समज असतो; आप्पांकडे तो जपून ठेवला जातो. “चांगला माल हुता म्हनून तर बंद केला,” हे त्यांचे मत ठाम असते. बंदीची कारणे याच्या नेमकी उलट आहेत. बीएचसी मातीत आणि शरीराच्या चरबीत वर्षानुवर्षे टिकते. मिथाइल पॅराथिऑन आणि फोरेट किड्याच्या मज्जातंतूंचे जे काम बंद पाडतात, तेच माणसाचेही पाडतात. शेतासाठी आणलेले औषध घरात वापरू नये, हा नियम म्हणूनच पहिला येतो.

कीटकनाशकाच्या पाकिटावर कायद्याने एक रंगीत त्रिकोण छापावा लागतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्याखाली उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा येतो. आप्पा हा क्रम मिरचीच्या तिखटासारखा वाचतात आणि लाल मागतात. घरासाठी घ्यायचे पाकीट निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणाचे असावे. त्यावर घरगुती वापराचा उल्लेख, ज्या किड्यासाठी ते आहे त्याचे नाव आणि मुदतीची तारीख असावी. सुटी पावडर कागदात बांधून देणाऱ्या दुकानात हे काहीच वाचायला मिळत नाही. आप्पांना तेच दुकान आवडते.

पावडर टाकण्याची आप्पांची पद्धत उधळण्याची आहे. मूठ भरायची, तोंड फिरवायचे आणि कोपऱ्यात फेकायची. “वाईच जादा पडली तर काय हुतंय?” हे वाक्य त्यासोबत ठरलेले असते. होते असे, की झुरळ मिशांनी चाचपते, ढीग ओळखते आणि वळसा घालून पुढे जाते. पावडर काम करते ती पातळ थरात. बोरिक ॲसिडच्या विरळ थरावरून झुरळ चालले, की कण त्याच्या पायांना आणि मिशांना चिकटतात. झुरळ स्वभावाने टापटिपीचे असल्याने ते पाय आणि मिशा तोंडाने साफ करते आणि विष पोटात जाते. डेल्टामेथ्रिनच्या जातीची औषधे स्पर्शानेच मज्जातंतूंवर घाव घालतात. डायटमची माती किड्याच्या अंगावरचा मेणाचा पातळ थर उतरवते, मग किडा सुकून मरतो. कणगीत राख घालणाऱ्या जुन्या बायका साधारण हेच तत्त्व वापरत होत्या. तिन्ही प्रकारांत थर जेमतेम दिसेल इतकाच हवा.

जागेच्या बाबतीतही आप्पा उघड्यावरचे योद्धे आहेत. फरशीच्या मध्यावर पडलेली पावडर रांगत्या मुलाच्या हाताला, कोंबडीच्या चोचीला आणि सकाळच्या केरसुणीला लागते. झुरळ तिच्या वाटेला जात नाही. ते दिवसभर फटीत असते, म्हणून पावडरही फटीत हवी. मोरीच्या पाइपाभोवतीचे भोक, ओट्यामागची चीर, चौकटीचा सांधा, कपाटाखालची पोकळी, एवढ्या जागा पुरतात. निमुळत्या तोंडाची दाबायची प्लास्टिक बाटली अर्धी भरून फटीत हलकी फुंक मारावी. विजेच्या बोर्डाजवळ काम असेल तर आधी मेन स्विच बंद करावा.

पावसाळ्यात आप्पांचा उत्साह दुप्पट होतो आणि पावडरीचा गुण निम्माही राहत नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याचा पाऊस भिंतींना ओल आणतो. ओली पावडर गोळा होऊन बसते आणि किड्याच्या अंगाला चिकटत नाही. मोरीजवळच्या ओलसर जागी त्या दिवसांत झुरळांसाठीची जेल ठिपक्या-ठिपक्यांनी लावणे जास्त कामाचे असते.

सर्व शत्रूंना एकच पुडी, हा आप्पांचा युद्धविषयक सिद्धांत. प्रत्यक्षात प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. मुंग्यांच्या रांगेवर पावडर टाकली की रांगेतल्या मुंग्या मरतात. राणी वारुळात सुखरूप राहते आणि आठवडाभरात नवी रांग येते. त्यासाठी रांग कुठून येते ते भोक शोधून तिथे पावडर भरावी, किंवा साखरेत बोरिक ॲसिड अगदी थोडे मिसळून मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावे. कामकरी मुंग्या ते घरी नेऊन इतरांना भरवतात. ढेकणांसाठी आप्पा गादीवरच पावडर भुरभुरतात आणि रात्रभर स्वतःच खोकतात. गादी उन्हात टाकावी, चादरी कडक पाण्यात धुवाव्यात आणि पावडर लागलीच तर खाटेच्या सांध्यात घालावी. कुत्र्याच्या गोचिडीचे औषध जनावरांच्या डॉक्टरांकडून घ्यावे. मांजर अंग चाटते आणि पर्मेथ्रिन तिला सोसत नाही, त्यामुळे कुत्र्याची पावडर मांजराला लावू नये.

ज्वारीच्या कोठीपाशी आप्पा सर्वांत धोकादायक ठरतात. नातवंडांची कॅरमची पावडर पुष्कळदा बोरिक ॲसिडचीच असते, हे त्यांना कुणीतरी सांगितलेले असते. तेव्हापासून कॅरमचा डाव सुका चालतो आणि डाळीचा डबा पांढरा दिसतो. खायच्या धान्यात बोरिक ॲसिड मिसळू नये. धान्य कडकडीत वाळवावे, कोठी घट्ट झाकणाची असावी, कडुनिंबाचा सुकवलेला पाला घालावा, डाळीला एरंडेलाचा हात फिरवावा. याहून वाईट सवय म्हणजे धान्यात टाकायच्या गोळ्या घरात आणणे. ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या या गोळ्यांना दमट हवा लागली, की फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. माणसे झोपतात त्या घरात ही गोळी ठेवूच नये.

आप्पांची सुरक्षासाधने दोन: नाकावर टॉवेल आणि गावदेवीवर श्रद्धा. पंखा चालू असतो, त्यामुळे मोरीत फेकलेली पावडर देवघरापर्यंत पोहोचते. काम झाले की आप्पा दाराच्या उंबऱ्यावर बसतात आणि त्याच तळहातावर चुना घेऊन तंबाखू मळतात. योग्य क्रम असा: पंखा बंद करावा, पोरे, कोंबड्या आणि कुत्रे बाहेर काढावे, भांडी आणि पाण्याची घागर झाकावी, मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. नंतर हात आणि तोंड साबणाने धुवावे, कपडे वेगळे धुवावेत, तंबाखूला त्यानंतरच हात लावावा. उरलेली पावडर मूळ पाकिटात, कुलपात ठेवावी. हॉर्लिक्सच्या जुन्या बाटलीत भरलेली पावडर तांदळाचे पीठ, रांगोळी किंवा पिठीसाखर म्हणून कुणाच्याही हाती लागते. पाकीट चुलीत जाळू नये आणि ओढ्यात धुऊ नये. डेल्टामेथ्रिनसारखी औषधे अत्यल्प प्रमाणातही मासे मारतात आणि इथला ओढा शेवटी वारणेलाच मिळतो.

पावडर कुणाच्या पोटात गेली तर आप्पा मिठाचे पाणी पाजून ओकारी काढायला धावतात. ओकारी काढू नये. 108 वर फोन करावा आणि पावडरीचे पाकीट सोबत घेऊन दवाखाना गाठावा. कोणते विष आहे हे कळल्यावरच डॉक्टरांना नेमके उपचार करता येतात. डोळ्यात गेली तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवावा. अंगावर सांडली तर कपडे काढून साबणाने अंग धुवावे.

आप्पांच्या घरातली झुरळे कमी झालेली दिसली, तर त्याचे कारण बहुधा सूनबाई असतात. त्या पाइपाभोवतीचे भोक सिमेंटने बुजवतात, रात्री मोरी कोरडी करतात, खरकटे ठेवत नाहीत आणि चिमूटभर पावडर बाटलीने फटीत मारून कुणाला न सांगता मोकळ्या होतात. श्रेय आप्पा घेतात: “बघा, माझी पावडर लागू पडली!” घरात सहसा कुणी वाद घालत नाही.

पावडर लांबूनच दिसू लागली म्हणजे ती जास्त झाली, हा या विषयातला शेवटचा नियम. ज्यांच्या घरात आप्पा आहेत, त्यांनी परड्यातली ती फळी एकदा उतरवून पाहावी. नाव पुसलेल्या आणि मुदत गेलेल्या पुड्या न उघडता वेगळ्या कुलपात ठेवाव्यात आणि त्यांची विल्हेवाट कशी लावायची ते तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारावे. आप्पांना त्या जागी पाहिजे तर सिमेंटची पिशवी आणि थापी द्यावी.