अडकित्ता आणि अनुदान

माळ्यावर चार समया, दोन अडकित्ते आणि एक गंजका दांडपट्टा सापडला की मराठी माणसाला संग्रहालय काढावंसं वाटतं. वाटू द्यावं. हौशी लोकांची आपल्याकडे वानवा कधीच नव्हती. वानवा आहे ती डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, लिहिणाऱ्यांची. इच्छुकांसाठी म्हणून हे चार शब्द.

पहिलं पथ्य, जुने दाखले देऊ नका. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली औंधच्या यमाईच्या डोंगरावर चित्रसंग्रहालय उभं केलं ते एकही अर्ज न भरता. पण ते संस्थानिक. मागणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. पुण्याच्या दिनकर केळकरांचं उदाहरण तर फारच गैरसोयीचं. चष्म्यांचा धंदा, कवितेसाठी ‘अज्ञातवासी’ हे नाव, आणि नाद गावोगाव हिंडून दिवे, वज्र्या, पानाचे डबे, अडकित्ते जमवण्याचा. अकाली गेलेल्या राजाचं, आपल्या मुलाचं, नाव संग्रहाला दिलं आणि हजारो वस्तूंचा तो संग्रह अखेर सरकारलाच देऊन टाकला. आज ते अर्ज घेऊन गेले असते तर शेरा पडला असता: ‘वस्तू किरकोळ स्वरूपाच्या. अपेक्षित पर्यटकसंख्या जोडून फेरसादर करावे.’

दुसरं, स्वहिस्सा. केंद्राच्या संग्रहालय अनुदान योजनेत साधारणपणे खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत मदत मिळते, ईशान्येकडे ९०. उरलेले आपण घालायचे. ज्याच्याकडे ते असतात त्याला निकड नसते, ज्याला निकड असते त्याच्याकडे ते नसतात. गरजू आपोआप गळतात आणि छाननीचं काम हलकं होतं.

सरकारकडे जमलं नाही तर कंपन्यांकडे जा. २०१३ च्या कंपनी कायद्याने बड्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्चायला लावले आणि त्या यादीत वारसा, कला, संस्कृतीही बसवली. पण यादीत स्वच्छताही आहे, आणि वार्षिक अहवालात स्वच्छतागृहाचा फोटो अडकित्त्यापेक्षा उठून दिसतो. दिल्लीत ‘सुलभ’ने १९९२ मध्ये शौचालयांचंच संग्रहालय काढलं. दूरदृष्टी म्हणतात ती ही! तरीही एखादे साहेब तुमच्याकडे आलेच, तर ते वस्तूंकडे बघणार नाहीत. भिंतीकडे बघतील आणि विचारतील, “आमची पाटी कुठे लावणार?”

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं: खर्चाच्या दोन जाती ओळखा. भांडवली खर्च कुलीन. त्याला नारळ, फीत, मंत्री, सगळं मिळतं. आवर्ती खर्चाला दारात उभं करत नाहीत. त्यामुळे पोथ्यांच्या दालनात एसी बसतो, तो भांडवली. तो चालवायची वीज आवर्ती. उद्घाटनाच्या दिवशी पोथ्यांना हुडहुडी भरते, पाहुण्यांच्या गाड्या वळल्या की बटण बंद, आणि श्रावणात पानं ओली होऊन एकमेकांना चिकटतात. अभिरक्षकाचं पद रिक्त, कारण पगारही आवर्ती. वाळवी मात्र बारा महिने कामावर. तिचं वेतन पोथीतूनच भागतं.

पैसे मंजूर झालेच तर ते मार्चअखेरीस येतात आणि ३१ तारखेच्या आत खर्ची पडावे लागतात. तीन दिवसांत पोथीचं जतन होत नाही, टचस्क्रीनची खरेदी होते. म्हणून टचस्क्रीन घ्या. उपयोगिता प्रमाणपत्र जोडा. पोथी मागे कपाटात असू द्या, पडद्यावर तिचा फोटो दिसतोच.

पुढे स्क्रीन बंद पडेल. दुरुस्ती आवर्ती, तेव्हा घाबरू नका, पुसून ठेवा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झाली की वस्तू पुरावस्तू ठरू शकते. मग तिच्या जतनासाठी रीतसर अर्ज करता येईल. तोवर २० टक्के तेवढे जमवून ठेवा.