ऑक्टोबरातली लोकर

लोकरीवर जीव जडायचा असेल तर माणसाने सिमल्याला जन्म घ्यावा. मी हातकणंगले तालुक्यात घेतला. इथे पाऊस सरला की थंडी येण्याआधी ऑक्टोबर स्वतःचा एक वेगळा उन्हाळा काढतो, आणि नेमकी त्याच दिवसांत मेंढरांची कातरणी येते. डोक्यावर पंखा घरघरतोय, अंगाला घामाच्या धारा आणि मांडीवर लोकरीचा पुंजका, अशा अवस्थेतला मी घरच्यांच्या अजून सवयीचा झालेलो नाही.

आमची मेंढरं दहाबारा. त्याला कळप म्हणायची माझी हिंमत नाही. धनगरवाड्यातले मामा त्याला ‘नमुना’ म्हणतात. जात दख्खनी, रंग काळा, अंग काटक. पावसाळाभर साठवलेला चिखल काढायला कातरणीआधी त्यांना ओढ्यात धुवावं लागतं. खरी मेहनत पहिल्या मेंढरापुरतीच. ते एकदा ढकललं की बाकीची आपणहून पाण्यात. निवडणुकांच्या दिवसांत मला यावरून बरंच काही सुचतं, पण गावातच राहायचं असल्याने मी बोलत नाही.

मग मामा एकेकीचे पाय बांधतात आणि कातर चालू लागते. बघता बघता मेंढी निम्मी होते. सोडल्यावर ती उठते आणि अपमान झाल्यासारखी लांब जाऊन उभी राहते. तिचं कोकरू धावत येतं, थबकतं, ही कोण बया म्हणून मागे सरतं. ती ओरडते तेव्हा कुठे त्याची खात्री पटते, तीही जरा अनिच्छेनेच.

आता लोकरीविषयी. एक मेरिनो मेंढी वर्षाला चार-पाच किलो लोकर सहज देते, रेशमाला लाजवणारी. आमची दख्खनी वर्षाच्या दोन्ही कातरण्या मिळून किलोभरही देत नाही, आणि देते त्यात केसांची भेसळ. धागा तीस मायक्रॉनच्या वर जाड झाला की कातडीला टोचायला लागतो. आमचा बराचसा माल त्या रेषेच्या पलीकडे नांदतो. पण दिवसभर तीच लोकर विंचरत बसा, तिच्यातल्या मेणचटपणाने बोटं लोण्यासारखी मऊ होतात. अंगाला टोचायचं आणि हातांना सांभाळायचं, असा तिचा स्वभाव. मला असली माणसंही आवडतात.

बाजाराला नाही आवडत. लोकरीच्या भावातून कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही, म्हणून कित्येक जण ती बांधावरच टाकून देतात. मामांचा सल्ला ठरलेला: “गुरुजी, माडग्याळ घ्या की! उंच जात, बाकदार नाक. मटणाला लई मागणी.” जत तालुक्यातलं हे मेंढरू खरोखर देखणं असतं, पण त्याच्या अंगावर लोकर नावापुरती. मी मान डोलावतो आणि ते घोंगडं भिजत ठेवतो.

लोकरीची आब अजून राखली आहे ती आमच्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाने. दसऱ्यानंतरच्या यात्रेत भंडाऱ्याने सगळं गाव पिवळं होतं, भविष्य सांगणाऱ्या फरांडेबाबांच्या भाकणुकीला माणूस लोटतो, आणि भंडारा-खोबऱ्याबरोबर देवावर लोकर उधळतात. ज्या वस्तूला व्यापारी हात लावत नाही ती इथे देवाच्या अंगावर पडते. गर्दीत माझ्या शर्टावर येऊन चिकटलेला पुंजका मी खिशात घालतो. प्रसादच तो. शिवाय बहुधा जावळाचा असतो. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ, आणि तेवढी एकच लोकर आमच्याकडे न टोचता निघते.

दिवाळीच्या पाडव्याला मामांच्या वाड्यावर बकरी बुजवतात. इकडे मेंढराला बकरंच म्हणतात. अंगावर रंगाचे पट्टे ओढलेला कळप उधळत येतो, उड्या मारतो, पोरं ओरडतात. आमचा नमुनाही एकदा तिकडे नेला होता. आमच्या मेंढरांनी सगळा प्रकार शांतपणे पाहिला आणि ती शेजारच्या भुईमुगात शिरली. संत बाळूमामांची बकरी शेतात आली तर मालक हात जोडतो. माझी आली तर मलाच जोडावे लागतात.

दिवाळीनंतर पोतं उचलून मी घोंगडी विणणाऱ्या सणगराकडे जातो. साऱ्या कळपाच्या लोकरीत जेमतेम एक घोंगडी बसते. ताण्याला चिंचोक्याची खळ, रंग मेंढराचा स्वतःचाच. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ पोटात घेते तरी ओली लागत नाही, आणि पाणी शोषताना उलट थोडी ऊबच सोडते. धनगर आषाढातल्या पावसात घोंगडी पांघरून का उभा राहतो याचं शास्त्र हे आहे, असं मी गेल्या खेपेला त्या म्हाताऱ्या सणगराला खड्ड्याच्या मागाशी उकिडवा बसून समजावत होतो. त्याने धोटा थांबवला नाही.

“गुरुजी,” तो म्हणाला, “घोंगडीची मजुरी ठरलीया. ऐकून घ्यायचं येगळं पडंल.”