पाच खांबांच्या निवड समितीस अनावृत पत्र

प्रति,
माननीय निवड समिती (मतदार शिक्षक पाच, मत नसलेले मार्गदर्शक एक),
नॅशनल ज्युनियर ऑनर सोसायटी,
माझ्या नातीची शाळा, न्यू जर्सी.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझी नात सातवीत आहे, तिला तुमच्याकडून माहिती-पत्रक आलं आहे, आणि सध्या आमचं अख्खं घर ते भरत बसलं आहे. नातीचं आणि शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आजोबांच्या तोंडाळपणाचा डाग नातीच्या चारित्र्याच्या रकान्यात पडायला नको. मी स्वतः महाराष्ट्रात मुख्याध्यापक होतो, म्हणजे मुलं निवडण्याच्या आणि गाळण्याच्या धंद्यातला तुमचा व्यवसायबंधूच. तेव्हा हे पत्र टीका म्हणून वाचू नये, कौतुक म्हणून वाचावं. तसं वाचता आलं नाही, तर पुन्हा एकदा वाचावं.

पत्र मराठी मासिकात छापून येणार असल्यामुळे आधी वाचकांना तुमची ओळख करून देतो. अमेरिकेत कॉलेजातल्या हुशार मुलांसाठी फाय बीटा कप्पा ही संस्था 1776 पासून आहे. मग शाळेतल्या हुशारांनी काय घोडं मारलं, म्हणून 1921 साली माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांच्या संघटनेनं नॅशनल ऑनर सोसायटी काढली. पुढाकार पिट्सबर्गच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू हायस्कूलचे मुख्याध्यापक एडवर्ड रायनिअरसन यांचा. 1929 मध्ये त्याखालच्या वर्गांसाठी तुमची ‘ज्युनियर’ शाखा निघाली आणि 2008 मध्ये प्राथमिक शाळेसाठीही एक निघाली. आता बालवाडी तेवढी राहिली आहे. तिथलीही काही मुलं डबा वाटून खातात, असं ऐकतो.

तुमचे नियम मी चष्मा पुसून वाचले. पहिल्याच झटक्याला कळलं की हा अर्ज नव्हे. विद्यार्थी सदस्यत्वासाठी अर्ज करत नाही, तो फक्त स्वतःची माहिती देतो. निवड तुम्ही करता. गुण पडले म्हणून सदस्यत्व हक्कानं मिळत नाही, ते तुम्ही बहाल करता. आमच्याकडे मुलीकडचे लोक ‘आम्ही पत्रिका पाठवली आहे, मागणी घातलेली नाही’ असं म्हणतात, तसंच हे. नकार आला तरी मान खाली घालायला नको, कारण मागितलंच काय होतं?

तुमच्या निवडीच्या पाच खांबांपैकी पहिला विद्वत्तेचा. एकूण सरासरी किमान 85 टक्के, किंवा ‘बी’, किंवा 4 पैकी 3. शाळेला वाटलं तर ही रेघ वर नेता येते, खाली आणता येत नाही, आणि जी ठरेल ती सगळ्यांना सारखी. या नियमापुढे मी हात जोडतो. आमच्याकडे शाळेत स्कॉलरशिप परीक्षा असते. पेपर सोडवायचा, यादी लागते, नाव असतं किंवा नसतं. मुलगा घरी आईशी कसा बोलतो, हे परीक्षा परिषद विचारत नाही. तुम्हीही इथंच थांबला असतात, तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण तुम्ही पुढं आणखी चार खांब उभे केलेत: सेवा, नेतृत्व, चारित्र्य आणि नागरिकत्व.

सेवेपासून सुरुवात करतो, कारण आमच्या घरात सध्या तिचाच हिशेब चालू आहे. सेवेचे तास किती हवेत, हे तुमची राष्ट्रीय घटना सांगत नाही. ते ज्या त्या शाळेनं ठरवायचं. आमच्या शाळेनं आकडा ठरवला आणि तीन अटी घातल्या. काम बिनपगारी हवं, ते स्वतःच्या कुटुंबासाठी नसावं, आणि प्रत्येक नोंदीपुढे नातेवाईक नसलेल्या प्रौढ माणसाची सही हवी. माझ्या पत्नीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. नात शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालते. खालची पापणी अलगद ओढते, थेंब पडला की ‘आजी, मिटून घे, चोळू नकोस’ म्हणते आणि पुढची बाटली उघडण्याआधी घड्याळ बघते. या कामाचे तास शून्य. तक्रार नाही; नियम तो नियम. शेजारच्या गुजराती घरातही एक आजी आहेत आणि एक नातू तुमच्याच माहिती-पत्रकाशी झटतो आहे. आजींची अदलाबदल करावी, असा प्रस्ताव मी मांडला आहे. आमची आजी त्यांच्या नातवाकडे, त्यांची आजी आमच्या नातीकडे. दोन्ही मुलांचे तास भरतील, दोन्ही घरं एकमेकांच्या पत्रकावर सह्या करतील आणि समाजसेवेचा खांब दोन इंच वर जाईल. दोन्ही आज्यांचं मत मात्र अजून घेतलेलं नाही. तुमच्या नियमांत तशी अटही नाही.

‘नातेवाईक नसलेला प्रौढ’ हा प्रकार इथल्या मराठी मंडळात सापडणं महाकठीण. तिथं जो भेटेल तो काका आणि जी भेटेल ती मावशी. तरी गणपतीच्या आरतीनंतर मंडळाच्या खजिनदारांपुढे मुलांची रांग लागते आणि ती प्रसादाच्या रांगेपेक्षा लांब असते. खुर्च्या मांडल्या, दीड तास. पत्रावळी उचलल्या, एक तास. एका चिरंजीवांनी ‘लेझीम पथकास मानसिक आधार’ असं लिहून आणलं होतं. खजिनदारांनी त्यावरही सही केली. निवडणूक पुढच्याच महिन्यात आहे आणि चिरंजीवांचे वडील मतदार आहेत.

नातीचे खरे तास भरले ते फूड बँकेत. दान आलेल्या डब्यांवरची तारीख वाचायची, मुदत उलटलेले बाजूला काढायचे, चेपलेले वेगळे ठेवायचे, चणे चण्यांत, मका मक्यात. एकदा कामाची वेळ संपली, सही झाली, नात जॅकेट घालून दाराशी उभी होती. तेवढ्यात एक माणूस आला आणि झाकणाला कडी असलेले डबे आहेत का, असं त्यानं विचारलं. तो मोटारीत राहत होता आणि डबा उघडायचं हत्यार त्याच्याकडे नव्हतं. मुलीनं जॅकेट काढलं आणि लावून ठेवलेली खोकी पुन्हा उपसून कडीचे डबे शोधून दिले. घरी आल्यावर ‘उघडता येत नाही तो डबा देऊन उपयोग काय?’ हा एकच प्रश्न ती जेवताना घोळवत होती. तो वेळ माहिती-पत्रकात नाही. सही आधीच झाली होती.

आता नेतृत्व. वर्गातल्या प्रत्येक होतकरू मुलानं नेतृत्व सिद्ध करायचं, तर मागं चालायचं कोणी? यावर मुलांनीच तोडगा काढला आहे. प्रत्येकानं आपापला क्लब काढायचा. पर्यावरणाचा क्लब, बुद्धिबळाचा क्लब, दयाळूपणाचाही क्लब. अध्यक्ष आहे, उपाध्यक्ष आहे, सचिव आहे. साधा सदस्य शोधून सापडत नाही. दोन मराठी माणसं जमली की तीन मंडळं निघतात, असं आम्हाला आजवर हिणवलं गेलं. ती आमची खोड नव्हती, नेतृत्वगुण होता, हे तुमच्यामुळे कळलं. आभारी आहे.

चारित्र्याचा खांब मात्र माझ्या जिव्हाळ्याचा. महाराष्ट्रात शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ नावाचा रकाना असतो. अशा असंख्य दाखल्यांवर मी सही केली आणि त्या रकान्यात आमचे लेखनिक एकच शब्द लिहीत आले: ‘चांगली’. पहिल्या नंबरच्या मुलीची चांगली, प्रयोगशाळेतला सापळा पोरांच्या डब्याशेजारी बसवणाऱ्याची चांगली, आणि माझ्या सायकलच्या चाकातली हवा नेमानं सोडणाऱ्याचीही चांगलीच. निरीक्षकांना हा आळस वाटे. बारा-तेरा वर्षांच्या पोराचं चारित्र्य ठरवायची घाई आम्हाला नव्हती, एवढंच त्यामागचं धोरण. सायकलवाला पुढं तालुक्याला डॉक्टर झाला. त्याला मी तेव्हा ‘वाईट’ लिहून मोकळा झालो असतो, तर तो कागद जन्मभर त्याच्या मागं फिरला असता.

तुमच्याकडे तसं चालत नाही. तुम्ही चारित्र्य तपासता, आणि कसं तपासलं जातं याचा एक दाखला न्यायालयात नोंदला गेला आहे. थोरल्या शाखेतली ही गोष्ट. 1998 साली केंटकी राज्यातल्या ग्रँट काउंटीत दोन मुलींची गुणांची अट पूर्ण होत होती, पण त्यांना सदस्यत्व नाकारलं गेलं. एक गरोदर होती, दुसरीला मूल झालं होतं. फेडरल न्यायालयानं त्यांना आत घ्यायचा हंगामी आदेश दिला. बाकीच्या कोणत्याही उमेदवाराला, मुलगा असो की मुलगी, त्याच्या वागण्याबद्दल तसला प्रश्न विचारला गेला नव्हता. म्हणजे ज्याचं वागणं दिसतं त्याचं चारित्र्य तपासायचं, आणि ज्याचं दिसत नाही त्याच्या हाती सदस्यत्वाच्या समारंभातली मेणबत्ती द्यायची.

पाचवा खांब नागरिकत्वाचा. इथल्या पुष्कळ मराठी घरांत आई किंवा बाप नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर आहे आणि भारतात जन्मलेलं मूल त्यावर अवलंबून असलेल्या एच-फोरवर. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग अशी, की मूल रांगेतच मोठं होतं. एकवीस वर्षं पूर्ण झाली की आई-बापाच्या व्हिसाचा आधार सुटतो. तोवर हातात ग्रीन कार्ड नसेल तर स्वतःचा दुसरा व्हिसा शोधायचा, नाहीतर ज्या देशाची तोंडओळख सुट्टीत झाली तिथं परत जायचं. अशाच एका मुलाला तुम्ही सातवीत जबाबदार नागरिक म्हणून गौरवता. समारंभात तो मेणबत्ती धरतो, शपथ घेतो, आई मोबाइलवर चित्रण करते. ते प्रमाणपत्र इमिग्रेशनच्या कचेरीत चालेल का, हे विचारायचा धीर तिला होत नाही. तिनं ते जपून मात्र ठेवलं आहे.

आता तुमच्या कारभाराविषयी. समितीत पाच शिक्षक, त्यांना मुख्याध्यापक नेमतात, पण स्वतः मुख्याध्यापक आणि उपमुख्याध्यापक समितीत बसू शकत नाहीत. बहुमतानं निवड. ही रचना मला पटली. माझ्या शाळेत असती तर माझी झोप वाढली असती. सदस्याला काढायचं झालं तर तुमचे नियम आणखी चोख. त्याला लेखी सूचना मिळते, सुनावणीत त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जातं, निर्णय विरोधात गेला तर मुख्याध्यापकांकडे दाद मागता येते. न्यायाची एवढी काळजी आमच्याकडे शिक्षकाला बडतर्फ करतानाही दरवेळी घेतली जात नाही.

पण हे सगळं आत असलेल्यांसाठी. ज्याला आतच घेतलं नाही, त्याच्यासाठी काय? सुनावणी नाही. राष्ट्रीय संस्था असली अपिलं ऐकत नाही. गुण कमी पडले असते तर मुलाला स्वतःलाच कळलं असतं. त्याला गुण आहेत, तास आहेत, क्लबही आहे; उरलं काय, तर चारित्र्य. म्हणजे पाच मोठ्या माणसांनी बंद दाराआड माझ्यात काहीतरी खोट पाहिली, एवढंच त्याला कळतं. कोणती, ते नाही. मग तो घरी येऊन आरशात ती शोधत बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या तासाला त्याच पाचांपैकी एक जण त्याला अपूर्णांक शिकवतात.

आम्हा पालकांना तुमच्याविरुद्ध तोंड वर करून बोलायला जागा नाही, हेही नोंदवतो. तास वाटणारे खजिनदार आमचेच, क्लबांची नावं सुचवणारे बाप आमचेच, आणि माहिती-पत्रकातलं इंग्रजी रात्री जागून घासूनपुसून देणारी आई आमचीच. माझी सूनही त्यातली. तुम्ही सेवेचं मोजमाप मागितलं, आम्ही पुरवठा केला. कडीच्या डब्याचा प्रश्न मात्र तुम्हीही विचारला नाहीत आणि आम्हीही पत्रकात लिहिला नाही.

तरी व्यवसायबंधू या नात्यानं दोन दुरुस्त्या सुचवतो. एक, सेवेच्या रकान्यातून तास आणि सही काढून टाका, आणि मुलाला त्या कामात काय दिसलं, ते त्याच्याच चार ओळींत लिहायला सांगा. खोटं लिहिणारी मुलं तिथंही निघतील, पण निदान खजिनदारांची त्यातून सुटका होईल. दोन, चारित्र्याच्या रकान्यात सरसकट ‘चांगली’ लिहा. ज्याच्याविषयी लिहवत नसेल, त्याला समोर बसवून बोला. शिक्षकाला त्याचाच पगार मिळतो.

यांतलं काहीच जमणार नसेल, तर एवढं एक करा. ज्या मुलाला तुम्ही आत घेणार नाही, त्याला कारण लिहून कळवा. छापील मजकूर नको. त्याच्या नावानं, पाचांपैकी एकाच्या सहीनं. सही करणारा नातेवाईक नसावा, ही अट इथं आपोआप पूर्ण होते. आणि जे कारण बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडावर सांगायची तुम्हाला लाज वाटेल, त्या कारणासाठी त्याला नाकारू नका.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक