पाच थेंबांची काटकसर

मीरा-भाईंदरच्या सोसायट्यांत एआय अवतरला तो पाण्याच्या नोटिशीतून. 'उद्या पाणी कमी दाबाने येईल' हे पूर्वी फळ्यावर खडूने एका ओळीत उरकायचे. आता त्यालाच तीन परिच्छेद, हसरा थेंब आणि 'प्रिय सदस्यहो' अशी सलामी. दाब तेवढा पूर्वीचाच.

गूगलने 2025 मध्ये हिशेब दिला: त्याच्या जेमिनी या एआयला विचारलेल्या मध्यक (मीडियन) मजकुरी प्रश्नामागे 0.24 वॉट-तास वीज आणि जेमतेम पाच थेंब पाणी. पाच थेंब! एवढे तर गळका नळ बोलता बोलता सांडतो, म्हणून सेक्रेटरी निर्धास्त. एकूण हिशेब आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने मांडला: 2024 मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे 415 टेरावॉट-तास वीज खाल्ली, 2030 पर्यंत ती दुपटीहून अधिक होण्याचा अंदाज. सगळीच एआयने नाही, हे कबूल. पण वाढत्या भुकेत त्याचा वाटा मोठा.

उपाय आहेत: छोटी मॉडेल्स, भर दुपारच्या सौरविजेवर काम, थंडाव्याला प्रक्रिया केलेले सांडपाणी. आणि हो, एका ओळीची नोटीस एका ओळीतच लिहिणे. पण ते कोण ऐकतो?

शिवाय झळ आपल्या दारात कुठे बसते? डेटा सेंटरे खाडीपलीकडे ऐरोली-महापेला. सूर्या योजनेत शहरासाठी धरलेले रोजचे 21.8 कोटी लिटर पाणी पालघरचे. उपनगरांच्या विजेसाठी कोळसा जळतो डहाणूत. कचरा तेवढा आपला, तोही उत्तनच्या कचराभूमीवर जातो. तिथे वास कुठून येतो, हे सांगायला एआय लागत नाही.