तुरळला बटाटा शिजत नाही

सातारकराची भूगोलाबद्दल फारशी तक्रार नसते. किल्ले आहेत, कास आहे, ठोसेघर आहे, महाबळेश्वरच्या देवळात गोमुखातून पाच नद्यांचं पाणी पडतं. पण हे सगळं पाणी गार. सह्याद्रीतले गरम पाण्याचे झरे मात्र झाडून घाटाखाली. पालघरच्या कोकनेरपासून राजापूरच्या उन्हाळे गावापर्यंत जवळजवळ 350 किलोमीटरची त्यांची माळ आहे. म्हणजे जिथं पौषात पहाटे पांघरुणाबाहेर पाय काढवत नाही तिथं गार पाणी, आणि जिथं माणूस माघातही पंखा बंद करू देत नाही तिथं जमिनीतून आधण येतंय! पाच नद्यांतली सावित्री तेवढी हुशार निघाली. ती पश्चिमेला उतरली, आणि महाडजवळ तिच्या काठाला सव गावात गरम झरे आहेत. कृष्णा पूर्वेला गेली ती आंध्रापर्यंत गारच राहिली.

हा अन्याय सगळ्यात जास्त सलतो तो आमच्या कराडच्या मामांना. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. खात्यातून झाले, पाण्यातून नाही. लग्नात पंगतीला पाणी वाढणाऱ्या पोराला ते थांबवून ‘वरनं किती सोडलंय?’ विचारतात. आत्याचे गुडघे कुरकुरायला लागले आणि कुणीतरी तिच्या कानात ‘घाटाखालच्या तुरळचं गंधकाचं पाणी’ असं सांगितलं, तेव्हा गाडी भाच्याची, गुडघे आत्याचे आणि मार्गदर्शन मामांचं अशी वाटणी आपोआप झाली. मला सामानाजवळ बसवलं. सामानात बादली, तांब्या, दोन टॉवेल, सांगलीचं भडंग आणि मामांनी स्वतः निवडलेले सहा बटाटे.

“बटाटे कशाला, मामा?”

“झऱ्यात शिजवायला. हिमालयात मणिकर्णला भात शिजतो. आपण बटाट्यावर भागवू.”

उंब्रजला हायवे सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो तसं मामांचं भाषण सुरू झालं. कोयनानगर आलं तेव्हा मात्र ते आपण होऊन गप्प झाले. 11 डिसेंबर 1967 ची भूकंपाची पहाट ज्यांनी या खोऱ्यात काढली, ते अजूनही इथून जाताना आवाज खाली आणतात. हेळवाक मागे पडलं आणि मग मामा परत पाण्यावर आले.

“वर्षाला 67.5 टीएमसी! पाऊस आमच्यावर पडणार, धरणात आमचं गाव बुडणार, आणि पाणी डोंगराच्या पोटातनं खाली पोफळीला. टर्बाइन फिरवलं की गेलं वाशिष्ठीत. वाशिष्ठी कुणाची? चिपळूणची!”

“पण मामा, वीज आपण पण वापरतो की.”

“तू गाडी चालव.”

कुंभार्ली घाटात धुकं होतं. कठड्यावर माकडं ओळीनं बसली होती. जपानात नागानोच्या डोंगरात बर्फ पडलं की माकडं गरम कुंडात गळ्यापर्यंत बसून राहतात, हे मी आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, “त्यांच्या गुडघ्याला बरं पडत असंल.” आमची माकडं हिवानं आखडली होती; पण दहा वळणं उतरून तुरळ गाठावं एवढी अक्कल त्यांना नव्हती, किंवा आमच्यापेक्षा जास्त होती. पोफळीपाशी मी स्वेटर काढला. बहादूरशेख नाक्यावर मामांनी मफलर सोडला. सावर्ड्यापर्यंत सगळेच घामाघूम झालो आणि गाडीतला एसी लावून गरम पाण्याच्या अंघोळीला निघालो. चौपदरी व्हायला घेतलेल्या महामार्गावर आमच्याइतकं हास्यास्पद कुणी नव्हतं, असं म्हणावं तर तो महामार्गच शर्यतीत होता.

आरवलीचा झरा मामांनी नापास केला. तिथलं पाणी चाळिसेक अंशाचं. “एवढं तर माझं अंग ताप आल्यावर असतं,” असं म्हणून त्यांनी गाडी पुढं घ्यायला लावली.

तुरळला वास आधी भेटला. काड्यापेटीतली काडी ओढल्याबरोबर नाकाला झोंबतो तसा, त्यात नासलेल्या अंड्याची थोडी छटा. आत्यानं पदर नाकाला लावला आणि “औषधी आहे,” असं समाधानानं म्हणाली. कुंडाच्या तळातून बुडबुडे येत होते, एक इथं, दोन तिथं, अजिबात घाई नाही. कडेच्या दगडावर हिरवट शेवाळ. मामांनी करंगळी बुडवली आणि इतक्या वेगानं काढली, की निवृत्तीनंतर त्यांचा कुठलाच अवयव एवढ्या तत्परतेनं हललेला मी पाहिला नव्हता. तुरळचं पाणी साठ अंशांच्या आसपास असतं.

“हे ज्वालामुखीचं,” भाचा म्हणाला.

ज्वालामुखी होता, पण तो 6.6 कोटी वर्षांपूर्वी. त्या लाव्ह्याचा कातळ कधीच थंड झाला, त्यात आपण लेणी कोरली. हे पाणी पावसाचंच. कातळाच्या भेगांतून खोल उतरतं, आणि खाली दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी उष्णता वाढत जाते. तिथं तापून दुसऱ्या एखाद्या भेगेनं वर येतं. मी हे ज्ञान दिलं आणि लगेच पस्तावलो, कारण मामांचे डोळे चमकले.

“पावसाचं? कुठल्या पावसाचं?”

“डोंगरातल्या, बहुतेक.”

“म्हणजे आमच्याच! तिकडं कोयनेला भूकंपाच्या अभ्यासाला 3 किलोमीटर खोल भोक पाडलं. सव्वा किलोमीटर काळा कातळ, खाली ग्रॅनाईट, सगळं बघितलं. तिथं एक नळ बसवला असता तर ही वेळ आली नसती.”

आत्याला यात रस नव्हता. ती बादली भरून बसली होती आणि तिनं फक्त एक मागणी केली: विसण. कढत पाण्यात गार पाणी घातल्याशिवाय ती गेल्या साठ वर्षांत कधी न्हाली नव्हती. पण विसणाला गार पाणी कुठलं? आजूबाजूला सगळं उकडलेलं. शेवटी मामांनी गाडीतल्या विकतच्या बाटल्या काढल्या, वीस रुपयांची एक, आणि हिशेब पुटपुटत बादलीत ओतल्या. निसर्गानं फुकट तापवलेलं पाणी आम्ही दाम मोजून निववत होतो. आत्यानं गुडघ्यांवर तांब्या तांब्या ओतलं. गुडघे लाल झाले. “उतार वाटतोय,” ती म्हणाली. एवढ्या लांब येऊन वाटला नसता तरी ती तेच म्हणाली असती. गरम पाण्यानं सांधे घटकाभर मोकळे होतात हे खरं. पण तेवढ्यासाठी घरचा बंब होता, हे बोलायची कुणाची छाती नव्हती.

दरम्यान बटाटे. कुंड देवाचं, त्यात थेट टाकायला नको, म्हणून मामांनी ते रुमालात बांधून पाणी वाहून जातं त्या पाटाच्या तोंडाशी सोडले होते. दर दहा मिनिटांनी गाठोडं वर काढून ते अंगठ्यानं दाबत. तास झाला, दीड तास झाला. बटाटा शिजायला पाणी उकळीच्या जवळ लागतं. मणिकर्णचं तसं असतं, तुरळचं नाही. साठ अंशांत बटाटा फक्त ऊबदार होतो. मामांनी एक सोलला, चावला, बराच वेळ चावला.

“झालाय,” ते म्हणाले, “जरा कच्चट आहे.” बाकीचे पाच त्यांनी आमच्यात वाटले.

गावातले एक आजोबा टॉवेल खांद्यावर टाकून हे सगळं पाहत होते. त्यांनी पाटाच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं. “तिथं बसा. वाहून वाहून निवलेलं असतं. आम्ही तिथंच बसतो.” आम्ही चौघं ओळीनं पाटात पाय सोडून बसलो, कुंभार्लीच्या कठड्यावर माकडं होती तशीच. पाणी खरंच बेताचं होतं. आत्यानं भडंग काढलं, आजोबांपुढं केलं. त्यांनी मूठभर घेतलं आणि राजवाडीच्या सोमेश्वराचं लाकडी कोरीव काम पाहून जा, तिथंही गरम झरा आहे, असं सुचवलं. गरम झऱ्याचं नाव काढल्यावर भाच्यानं गाडीची किल्ली खिशात खोल सारली.

“पाव्हणं कुठलं?”

“कराड. सातारा जिल्हा.”

“वा! आम्ही मे महिन्यात महाबळेश्वरला येतो. इथं काहिली होते हो. तुमच्याकडं पाणी कसं गारेगार असतं, नाही?”

मामांनी पाटातले पाय हलवले, दातात अडकलेला बटाटा जिभेनं काढला आणि म्हणाले, “असतं की. तुम्हाला सोडून उरलं, तर.”