दहा फुटांवरचा प्रेक्षक

टीव्ही सुरू झाला की माणसं आधी बसतात. काय चाललंय ते नंतर बघतात. मराठी मजकूर तपासायचं काम मी घरून करतो. डोळ्यांना जरा आराम मिळावा म्हणून लॅपटॉप हॉलमधल्या ४३ इंची टीव्हीला जोडला, तर केबल खोचेपर्यंत आई सोफ्यावर हजर. पडद्यावर एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल होता. तिने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "जाहिराती नाहीत, हे बरंय."

कागदावरचा हिशेब चोख होता. फोर-केच्या ४३ इंची टीव्हीत साडेएकवीस इंची फुल एचडी मॉनिटर बरोबर चार मावतात, दोनावर दोन. ठिपक्यांची दाटीही तेवढीच, इंचाला साधारण १०२. जुन्या ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्हीवर हा उद्योग करू नये. तिथे इंचाला पन्नासही ठिपके भरत नाहीत आणि जोडाक्षरं ओळखण्यापेक्षा आठवणं सोपं जातं. पण आमचा टीव्ही चांगला होता. अडचण त्याच्या समजुतीत होती. टीव्ही घडवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो माणूस असतो, तो दहा फुटांवर पाय पसरून बसलेला असतो, आणि त्याला चित्र थोडं सजवून दिलं तर तो खूश होतो. मॉनिटरसमोरच्या माणसाला काहीच सजवून नको असतं. त्याला ठिपका न् ठिपका जिथल्या तिथे हवा.

पहिली गोष्ट, चारही कडा गायब. 'स्टार्ट'चं बटण अर्धं, कोपऱ्यातलं घड्याळ पूर्ण बाहेर. हा काचेच्या नळीच्या टीव्हीचा वारसा. त्या नळीवर चित्राच्या कडा धड येत नसत, म्हणून चित्रच मुद्दाम नळीपेक्षा थोडं मोठं काढायचे आणि वेडीवाकडी किनार चौकटीमागे दडवायचे. नळ्या गेल्या, पडदे सपाट झाले, कडा सरळ झाल्या. कापायची सवय मात्र राहिली. मेन्यूत कुठेतरी 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं काहीतरी सापडेपर्यंत आपण किती वाजलेत ते भिंतीवर बघायचं.

मग 'शार्पनेस'. नावावरून वाटतं, वाढवला की अक्षर टोकदार होईल. प्रत्यक्षात टीव्ही प्रत्येक रेषेच्या कडेने एक फिकट रेघ ओढतो, म्हणजे दुरून चित्र उठून दिसतं. रोमन लिपी हे कसंबसं सोसते. आपल्या लिपीत शिरोरेषेवर आणखी एक शिरोरेषा उगवते आणि अनुस्वार तिच्यात बुडून जातो. मुद्रितं तपासणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अनुस्वार बुडणं हा काही लहान प्रकार नाही. शार्पनेस शून्यावर आणला तेव्हा कुठे ते वर आले.

लाल अक्षरांचं दुखणं याहून खोल होतं. माझ्या सगळ्या दुरुस्त्या लाल, आणि त्या नेमक्या फराटल्यासारख्या दिसत. माणसाचा डोळा उजेड-अंधार बारकाईने टिपतो, रंगाच्या बाबतीत तो ढिला असतो. हे ओळखून टीव्हीच्या दुनियेत रंग काटकसरीने पाठवतात: उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा, रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एक. सिनेमात नटीच्या साडीवर हे कळतही नाही. पांढऱ्या कागदावरच्या बारीक लाल वेलांटीला मात्र चौघांत वाटून घेतलेला रंग पुरत नाही. यावरचा उपाय मला फार आवडला. काही टीव्हींत त्या जोडणीला मेन्यूतून 'पीसी' असं नाव दिलं की तो रंग पूर्ण दाखवू लागतो. म्हणजे बारसं झालं आणि पोर सुधारलं.

उंदीर हलवल्यावर बाण मागून येतो, त्याचंही कारण सजावटच. आलेलं चित्र टीव्ही आधी आपल्याकडे ठेवून घेतो, त्यावर हात फिरवतो, दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनचं तिसरं घुसवतो आणि मग दाखवतो. हे सगळं बंद करायचं बटण 'गेम मोड' नावाखाली असतं. त्यामुळे पतसंस्थेच्या थकबाकीचं परिशिष्ट मी गेम मोडमध्ये तपासतो.

तसं पाहिलं तर टीव्हीला संगणक जोडणं जुनंच. अमेरिकेत डॉन लँकेस्टर यांनी 'टीव्ही टाइपरायटर'ची जुळणी मासिकात छापली ती १९७३च्या सप्टेंबरात: घरच्या टीव्हीवर एका वेळी सोळा ओळी, ओळीत बत्तीस अक्षरं. मुंबई दूरदर्शनला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. १९८२मध्ये ब्रिटनमध्ये आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम तर अँटेनाच्याच भोकात जोडायचा आणि वाहिनी शोधावी तसा शोधायचा. गरिबाचा संगणक होता, त्याला स्वतःचा पडदा परवडत नव्हता. पुढे संगणकाने आपला पडदा घेतला, टेबलावर वेगळा संसार मांडला, आणि एकट्याने बघायची सवय लावली. टीव्हीला ती कधी लागलीच नाही.

आमच्या घरालाही नाही. टीव्हीवर दिसतं ते सगळ्यांचं, हा नियम शटरच्या टीव्हीपासून चालत आलाय. तो एका केबलने कसा बदलणार? शेजारच्या काकू वाटी परत द्यायला येतात आणि टेकतात. "काल ते लाल फार होतं, आज कमी झालं वाटतं," असा त्यांचा पाठपुरावा. व्हिडिओवर मीटिंग असली की साहेबांचा चेहरा खऱ्याहून मोठा येतो आणि आई पदर सारखा करते. कॅमेरा बाजूच्या लॅपटॉपवर, त्यामुळे साहेबांना दिसतो फक्त माझा कान. "तुमचं लक्ष कुठंय?" असं ते विचारतात तेव्हा मी त्यांच्याच कपाळाकडे बघत असतो.

मुख्य म्हणजे, टीव्ही ज्या माणसासाठी घडवलाय तो माणूस आमच्याकडे खरोखरच आहे. मी टेबलाशी बसून मान डावी-उजवीकडे वळवत ओळ पुरी करतो, तोवर दहा फुटांवरून आई, म्हणजे निवृत्त शिक्षिका, अख्खं पान एका नजरेत वाचून मोकळी होते.

"अरे, त्या अध्यक्षांनी 'शून्य' ऱ्हस्व लिहिलंय. तिसऱ्या परिच्छेदात बघ."

मी बघितलं. लिहिलं होतं. दुरुस्त करून पाठवलं. दुपारी आभाराची ईमेल आली. ती उघडून मी चष्मा शोधेपर्यंत आईने सोफ्यावरून वाचून दाखवली, आणि त्यातलीही एक वेलांटी चुकलेली आहे असं कळवायला सांगितलं.